येवढुशा चाकूला कोयत्याचं मोल

माझं माहेर देगलूरच्या पल्याडचं. तिथून तेलंगण म्हणलं तर चार शेतं वलांडली की लागलंच, आन् कर्नाटक दुसऱ्या अंगाला, त्यामुळं आमच्या गावात माणूस तीन भाषांत भांडायचा आन् उर्दूत समजूत काढायचा. घरात आमी मराठीच बोलायचो, पण बापाला नायना म्हणायचो, तेलगूत म्हणतेत तसं. जात आमची लोहाराची. नायनाला आमी चार पोरी, भाऊ न्हाई, आन् चौघींत थोरली मी, चंद्रभागा. आता ज्या घरात भाऊ न्हाई त्या घरात भाता कोण वढणार, मीच वढणार की. भाता म्हंजे चामड्याची मोठी पिशवी आसती ताई, ती दाबली की वारा निघतो आन् भट्टीतला कोळसा फुलतो. आजकाल बटन दाबलं की पंखा फिरतो, तवा तसं नव्हतं. माझे हे दंड बघा, आजून बी कसे हायत, ते त्या भात्याचे दंड हायत.

तर नायना. नायनाचं नाव त्या मुलखात कशासाठी व्हतं, तर शिंदी काढायच्या चाकूसाठी. शिंदीच्या झाडाला वर चढून चीर पाडावी लागती, आन् ती चीर आशी पातळ पडाया पायजे की झाडाला कळू बी नये. जाड धारंचा चाकू आसला की झाड नासतं. म्हणून तिकडून, तेलंगणातून, माणसं चालत यायची नायनाकडं. दुसरे लोहार का नव्हते तिकडं, व्हते की, पण नायनाचं पाणी न्यारं. पाणी देणं म्हंजे काय ते सांगते तुम्हाला, कारण ते कळल्याबिगर माझी गोष्ट कळायची न्हाई. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक व्हतं, पण लई कडक व्हतं, काचंवाणी, पडलं की तुटतं. मग तेला परत थोडी ऊब द्यायची. ती ऊब देताना लोखंडावर रंग चढत जातेत. आधी पिकल्या गव्हाचा रंग, मग मधाचा, मग वांगी, मग निळा. कोणत्या रंगाला थांबायचं ते हत्यारावर आसतं. कुऱ्हाडीला निळ्याजवळ जावं लागतं, न्हाईतर घाव बसला की टवका उडतो. पातळ चाकूला गव्हाच्या रंगालाच थांबाया लागतं. मधाचा दिसला की उशीर झाला, धार मऊ पडली.

नायना तोंडानं काई शिकवायचा न्हाई. मी भाता वढत बसलेली आसायची आन् तो नुसता हूं म्हणायचा. हूं म्हणला की मी बघायचं, रंग कुठं आला. एक दिवस तेनं हूं म्हणायच्या आधी मीच हूं म्हणले. तेनं माझ्याकडं बघितलं, मग चाकू पाण्यात घातला, आन् दुसऱ्या दिवशीपून सांडस, म्हंजे तापलं लोखंड धरायचा चिमटा, तो माझ्या हातात दिला. बस, येवढंच. शाबास बी म्हणला न्हाई. पण ताई, मला आजून बी आठवतं, त्या दिवशी मी जेवले न्हाई, पोट भरलेलंच व्हतं.

मग लगीन झालं आन् मी हिकडं आले, निलंग्याच्या अंगाला. आमचे मालक, मारोतराव, लई दांडगा गडी. घण उचलला की गड्याची पाठ बघत बसावी आशी. इकडची सगळी शेतं काळी, खोल, तिथं मोठ्या हत्याराचं काम. नांगराचे फाळ, वखराच्या पासा, कुऱ्हाडी, कोयते. लहान हत्यार म्हणलं तर खुरपं, त्याच्या खाली काई न्हाई. शेतकऱ्याचं वर्षभर हत्यार शेवटायचं, म्हंजे झिजलेलं तापवून ठोकून परत धारंला आणायचं, आन् सुगीला तेनं ज्वारी घालायची, आशी रीत. घरात सासूबाई व्हत्या. ह्या घरात बाईनं भाता वढायचा, वेळ पडली तर घण बी मारायचा, पण पाणी मात्र गड्यानंच द्यायचं. का म्हणून इचारलं म्या एकदा. सासूबाई म्हणल्या आपल्यात आसंच हाय. नवी नवरी काय बोलणार. सांडस हातातून गेली ती गेली, आठ वर्सं गेली.

आन् मग दुष्काळ पडला, बहात्तरचा. तुम्ही ऐकलं आसन, आमी खाल्लाय तो. सरकारनं वाटलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली. गावातल्या इहिरी आटल्या, एक राहिली तिच्यात बी पव्हरा सोडला की तळाला खडखडायचा. घरटी दोन घागरी, त्या बी नंबर लावून. आता नांगर चालंना तर फाळ कोण शेवटणार, आन् ज्वारी कोण घालणार. भट्टी थंड पडली. मालक आन् मी सडकंच्या कामावर गेलो, खडी फोडायला. तिथं मुकादमानं वळखलं की हा लोहार हाय, तर तेनं मालकाला छिन्न्या आन् पहारी शेवटायचं काम दिलं. पण शेवटायला पाणी कुठंय. प्यायलाच न्हाई तर तापलं लोखंड बुडवायला कोण देईल. डबकं आसायचं एखादं गढूळ, तेच पुरवून पुरवून वापरायचो.

त्याच कामावर एक दिवस एक धनगर आला. शे-दीडशे मेंढ्या घेऊन खाली कर्नाटकात चारा शोधत चालला व्हता. खडकाळ वाटंनं चालून चालून मेंढ्यांचे खूर फाटलेले, त्यात काटे मोडलेले, निम्मी जनावरं लंगडत व्हती. म्हणला, लोहारदादा, बोटभर पात्याचा चाकू दे, खुरातला काटा काढता आला पायजे आन् खूर तासता आला पायजे, माझ्याकडचा चाकू मोठा हाय, तेनं जनावर जखमी होऊन राहिलंय. मालक म्हणले, बोटभर चाकू म्या कवा केला न्हाई बाबा. धनगर निघाला. आन् मला काय झालं कोण जाणे ताई, म्या म्हणले, थांब दादा, मी देते.

मालक म्हणले, पाणी कुठंय? म्या म्हणले, अवो, मोठ्या हत्याराला हौदभर पाणी लागतं, ह्याला तांब्याभर पुरतं. माझ्या वाट्याचा तांब्या हाय, मी आज पीत न्हाई. आमच्या पिशवीत एक झिजलेली कानस व्हती. कानस म्हंजे लोखंड घासायची, तिचं पोलाद लई आव्वल. ती तापवून लांबवली, बोटभर पातं काढलं, घासलं, लाल केलं आन् माझ्या प्यायच्या तांब्यात बुडवलं. चर्र झालं. वास आला, नायनाच्या भट्टीचा वास. मग दगडावर घासून एक अंग चकचकीत केलं, एक पहारीचा तुकडा लाल करून त्याच्यावर पात्याची पाठ टेकवली, आन् रंग येऊ लागला. आठ वर्सं झाली व्हती, पण डोळा विसरला नव्हता. गव्हाचा दिसला, उचलला, बुडवला.

धनगरानं तिथंच एक मेंढी पाडली, खूर धरला, आन् आत खोल मोडलेला काटा आसा काढला की जनावर हललं बी न्हाई. मग तेनं कळपातली शेळीची एक पाट, तरणी पिल्ली, धरून माझ्या हातात दिली. मालक म्हणले, आरं आरं, कोयत्याला आमी पायलीभर ज्वारी घेतो, ह्या येवढुशा चाकूला शेळी? धनगर म्हणला, कोयता माझ्या काय कामाचा. आन् गेला. मालक नंतर मला म्हणले, तेला तरी शेळीला घालाया चारा कुठं हाय, म्हणून दिली. आसंल. खोटं कशाला बोलू, ते बी कारण आसंल. पण ती शेळी आमी जगवली, बाभळीच्या शेंगा वेचून घातल्या, आन् दुष्काळ सरला तवा ती दोन पिल्लं देऊन उभी व्हती. म्या मालकाला म्हणले, ही माझ्या हुन्नराची हाय. तवापून पाणी कोण देणार ह्याच्यावर घरात कोणी काई बोललं न्हाई. सासूबाई बी न्हाई. त्या चहात दूध घालून प्यायच्या की त्याच शेळीचं.

दुष्काळ गेला, पाऊसपाणी झालं, फाळ-कोयते परत सुरू झाले. ते मालकाचं. लहान चाकू माझे. धनगर यायचे, चांभार यायचे, पानमळ्यावाले यायचे येलाचे शेंडे खुडायला. निलंग्याच्या बाजारात आमी एकाच पोत्यावर मांडायचो, एका अंगाला तेंचे कोयते, दुसऱ्या अंगाला माझे चाकू. आन् तिथंच भांडण लागलं, ताई, नवरा-बायकोचं, भर बाजारात. कारण म्या चाकूची किंमत कोयत्यायेवढीच सांगायची. गिऱ्हाईक कोयता उचलायचं, ह्याला किती, मग चाकू उचलायचं, ह्याला किती, आन् हसायचं. म्हणायचं, मावशी, ह्या कोयत्यात तुझे धा चाकू निघतील. मालकाला शरम वाटायची. एक दिवस ते म्हणले, आगं, लोक हसून राहिलेत. बोटभर लोखंडाला कोण येवढे देईल? निम्मे कर. म्या म्हणले, करत न्हाई. ते म्हणले, त्याच्यात हाय काय येवढं? म्या म्हणले, काई न्हाई त्याच्यात, उद्या तुम्ही करून दाखवा एक. केलात तर निम्मे करते, पाव करते, फुकट वाटते.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून गडी भट्टीम्होरं बसला. म्या भात्यावर. पहिलं पातं तेनी भट्टीत घातलं, कोयत्याच्या सवयीनं. कोयता जाड आसतो, तेला तापाया येळ लागतो, माणूस तंबाखू मळून घेतो तवर. तेनी तंबाखू मळली. बाहेर काढलं तर पात्याचं टोक पांढरं होऊन ठिणग्या उडायलेल्या, जळून गेलं. दुसरं काढलं येळंवर, ऐरणीवर घेतलं, पण तेंचा हात म्हंजे घणाचा हात, दोन ठोके बसले आन् पातं कागदावाणी पसरलं. कोयत्याला दोन ठोके वाकडे बसले तर तिसरा सरळ करतो, तितकं लोखंड आसतं त्याच्यात. चाकूत चुकीला जागाच न्हाई. तिसरं चांगलं घडवलं, मन लावून, दुपार झाली तवर. पाण्यात घातलं आन् तिरकं गेलं, केळीच्या पानावाणी वाकलं. पातळ लोखंड हाय, सरळ उभं न बुडवता जरा आडवं गेलं की संपलं. चवथं पाण्यातून सरळ निघालं. मला बी वाटलं, आता हरते मी. मग रंगाची येळ आली. मालक टक लावून बसले. कोयत्यावर रंग बैलगाडीनं येतो ताई, आन् चाकूवर मोटारीनं. गहू कवा आला आन् वांगी कवा झाला तेंना कळलंच न्हाई. त्या पात्याची धार लावली तर नखावर वाकली.

चार पाती तेनी एका वळीत मांडली. मी भात्यावरची राख झाडू लागले, आपल्या माणसाला जिंकून काय करायचंय. मग ते उठले, हात धुतले, आन् म्हणले, कोळसा तेवढाच लागला की गं. म्या म्हणले, हाव. म्हणले, घासायला तर जास्तीच येळ लागला. म्या म्हणले, हाव. कोयत्याची धार लावायची एका अंगाला नुसती, चाकू सगळाच्या सगळा घासाया लागतो, पाठ, पोट, टोक. मूठ दोन्हीला एकच, पण कोयत्याला बाभळीचा दांडा ठोकला की झालं, चाकूची मूठ दिवसभर हातात राहती तर ती तळव्यात बसाया पायजे, शेंबी, म्हंजे मुठीच्या तोंडाची पितळी कडी, ती पक्की बसाया पायजे. कोयत्यात लोखंड तेवढं जास्ती. बाकी सगळं चाकूतच जास्ती. आन् चारातला एक मोडतो त्या एकाची मेहनत तिघांनी वाटून घ्यायची आसती.

पुढच्या बाजारात एक गिऱ्हाईक हसलं, आन् मी तोंड उघडायच्या आधी मालक बोलले. म्हणले, पाव्हणं, लोखंड पायजे आसलं तर कोयता न्या, काम पायजे आसलं तर चाकू न्या, पैसे लोखंडाचे न्हाईत. आसं म्हणून तेनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागले. मला एकदम रडू फुटलं बघा, बाजारात, पदर लावून बसले मी. कांदे विकणारी शेजारीण म्हणली, काय झालं गं. म्या म्हणले, धूळ गेली.

पुढं जिल्हा झाला. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद व्हता, कागद काढायचा तर तिकडं, दिवस मोडायचा. मग लातूर जिल्हा झाला. गावात गुलाल उधळला पोरांनी. मला वाटलं आपल्याला काय फरक पडणार, फाळ तोच, कोयता तोच. पण फरक पडला. लातूरकडं यष्ट्या वाढल्या, हापिसं आली, आन् फळबागा आल्या. दुष्काळ बघितलेली माणसं म्हणू लागली, ज्वारीच्या जोडीला मोसंबी लावावी, आंबा लावावा. त्यासाठी लातूरच्या रस्त्याला एक मोठी रोपवाटिका निघाली. तिथं कलमं करणाऱ्या बायका लागल्या, पन्नास-साठ. त्यातली एक आमच्या गावची लेक, ती माझा चाकू घेऊन गेली कामाला. महिन्याभरानं निरोप आला, चंद्राबाईला बोलवलंय.

मालक आन् मी गेलो, पिशवीत नमुन्याचे पाच चाकू घेऊन. तिथं सामानाचा कोठा सांभाळणारे एक गृहस्थ व्हते, तेनी चाकू बघितले, चांगले हायत म्हणले, साठ पायजेत म्हणले. ताई, साठ! येवढं काम एकदम आमी जल्मात बघितलं नव्हतं. त्या वर्सी पाऊस परत कमी व्हता, कोयत्याला गिऱ्हाईक नव्हतं, घरात धान्य बेताचं. मग तेनी तराजू काढला आन् पाच चाकू पारड्यात टाकले. म्हणले, आमी लोखंडी सामान वजनावर घेतो. म्या म्हणले, सायेब, हे वजनाचं न्हाई. ते म्हणले, मावशी, आमच्याकडं कुदळ, फावडं, खुरपं सगळं वजनावर येतं, तुमचा चाकू काय सोन्याचा हाय? आन् हसले.

म्या मालकाकडं बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणतील घे. घरची गत तेंना बी ठावं व्हती. तेनी पारड्यातले चाकू एक एक करून उचलले, धोतराला पुसले, पिशवीत ठिवले, आन् म्हणले, चल. बाहेर आलो. यष्टी दोन तासांनी व्हती. लिंबाखाली बसलो. मी म्हणले, चुकलं का हो आपलं? ते म्हणले, मला काय इचारतीस, कारागीर तू हाईस. तवर तेनी कवा मला कारागीर म्हणलं नव्हतं.

आन् तिथंच, त्या लिंबाखाली, कांबळे सायेब भेटले. रोपवाटिकेचं काम तेंच्याकडं व्हतं, कलमाचं सगळं शिकवायचे तेच. सायकल धरून उभे राहिले, म्हणले, तुमच्या गावच्या त्या लेकीनं ज्या चाकूनं कलमाचे डोळे, म्हंजे फांदीचे कोंब, रोपात भरले तो चाकू करणाऱ्या तुम्हीच का? तिचा डोळा एक बी मेला न्हाई. म्या म्हणले, हाव, मीच, पण आता चालले. का? सांगिटलं सगळं, तराजू बी सांगिटला. ते हसले न्हाईत. माझ्या शेजारी मातीत बसले, सायेब माणूस, आन् म्हणले, माझा बाप दुसऱ्याच्या शेतावर सालगडी व्हता, तेच्या कामाचं वजन बी लोक आसंच करायचे. उद्या मी तुमच्या गावाला येतो, मला हे कसं व्हतं ते बघायचंय. मग कोठ्यातल्यांशी काय बोलायचं ते बोलता येईल.

आले की हो दुसऱ्या दिवशी, पहिल्या यष्टीनं. दिवसभर बसले भट्टीम्होरं. कोट काढून भाता बी वढला. मालकानं एक कोयता केला आन् म्या एक चाकू केला, सायेबाच्या नजरंसमोर. कोयता लवकर झाला. चाकू पाण्यात घातला आन् टिच् आवाज आला. बारीक भेग. बाहेरून दिसत बी नव्हती. मालकाच्या तोंडाचं पाणी पळालं, सायेब समोर हाय, लपवावं का काय. म्या ऐरणीच्या कडंला धरून मोडला आन् बाजूला टाकला. सायेब म्हणले, आवो, दिसत तर चांगला व्हता. म्या म्हणले, आठ दिवस चालला आसता सायेब, नवव्या दिवशी कोणत्या तरी बाईच्या बोटात टोक राहिलं आसतं. दुसरा केला. तो झाला. आमच्या घरी भाकर खाल्ली तेनी, सासूबाईनं वाढली, आन् जाताना दोन चाकू नेले.

तेनी काय केलं, वीस जंबेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या, रोपांवर मोसंबीचे डोळे भरले. धा बाजारातल्या चाकूनं, धा माझ्या चाकूनं. साल कापून आत डोळा बसवतेत, चाकू बोथट आसला की साल चिरडती आन् डोळा काळा पडतो. तीन आठवड्यांनी कळतं. ते तीन आठवडे कसे काढले म्हणून सांगू ताई. मालक रोज म्हणायचे, डोळा फुटला आसंल का गं. मी म्हणायची, आपल्याला काय करायचंय, आन् मनात तेच.

मग निरोप न्हाई आला, सायेब स्वतः आले, संगं कोठ्यातले ते गृहस्थ बी. बाजारातल्या चाकूचे चार जगले व्हते, माझे धाच्या धा. गृहस्थ म्हणले, मावशी, तराजू चुकला आमचा, तुमच्या भावानं साठ द्या. आन् एक कागद आणला व्हता तेच्यावर नाव लिहायचं व्हतं, करणाऱ्याचं. तेनी मालकाला इचारलं, नाव सांगा. मालक म्हणले, लिहा, चंद्रभागाबाई मारोतराव, लोहार. गृहस्थ म्हणले, बाईचं? मालक म्हणले, मग कुणाचं? मला वाचता येत न्हाई, पण तो कागद मी जिंदगीभर पेटीत ठिवला, हळदीकुंकवाच्या डबीखाली.

साठ चाकू दोन महिन्यांत दिले. त्यातला एक बी परत आला न्हाई. मग नांदेडकडून मागणी आली, लोहा गावाच्या अंगाला बागा झाल्या तिथून आली. नायनाला सांगाया मी मुद्दाम माहेरी गेले, म्हातारा झाला व्हता, वट्यावर बसलेला. म्या माझा चाकू तेच्या हातात दिला. तेनं नखावर फिरवला, उन्हात धरला, आन् म्हणला, हूं.

आता मालक जाऊन सात वर्सं झाली. शेवटपावतर घण मारायचे, डाक्टर नको म्हणला तरी. कांबळे सायेब पुण्याकडं गेले, रिटायर झाले, दिवाळीला फोन येतो तेंचा, म्हणतेत, चंद्राबाई, भाता वढायला येऊ का. मी म्हणते, आता पंखा हाय सायेब, तुम्ही नुसते भाकर खाया या.

आन् मी, मी आता पाणी देत न्हाई. डोळ्याचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं, दिसतं चांगलं, लई चांगलं दिसतं, पण रंग बदलले. सगळं जरा निळं दिसतं. गव्हाचा रंग गव्हावाणी दिसंना. दोन पाती वाया गेली तवा म्या सांडस सुनेच्या हातात दिली. सून शेतकऱ्याच्या घरातली नव्हं, आमच्यातलीच, उदगीरकडची, शोभा. तिला कुणी शिकवलं म्हणता, मी शिकवलं, चांगलं तोंडानं शिकवलं, नायनासारखी हूं करत बसले न्हाई. का तर ती मला इचारती. हुशार हाय. म्हणती, आत्या, इथं का थांबायचं, तिथं का न्हाई. आमी कवा इचारलं न्हाई आसं. मला आवडतं तिनं इचारलेलं.

मुंबईपून कोणी तरी फोनवर फोटो बघून चाकू मागवतेत आता, जेवण करायच्या हाटेलातले लोक, शोभा डब्यात घालून धाडती. तिचा चाकू माझ्यापरीस चांगला झालाय, खरं सांगते, माझ्या मुठी जरा जाड व्हायच्या, तिच्या बारीक हायत, बायकांच्या हातात नीट बसतेत. हे मी तिला बी सांगिटलंय. ऐकलं की लाजून कामाला लागती.

सकाळी ती भट्टी लावती, मी दारात बाज टाकून बसते. आवाज येतो, ठण् ठण्, आन् त्या आवाजावरून मला कळतं काय चाललंय. आत्ता बारीक ठोके चाललेत, ऐका, म्हंजे टोक काढून राहिली. बसा ताई आजून थोडं, चहा टाकायला सांगते. तुमचं बी हातातलं काम चांगलं होवो, लोकांनी तेचं वजन न करता मोल करावं, आन् घरात तुमच्या बाजूनं बोलणारं एक माणूस आसावं. माझ्या बाजूनं व्हतं.